पगाराची तारीख

तापीकाठचे बुऱ्हाणपूर इतिहासाच्या वाचकास बहुधा १६३१ साली तेथे झालेल्या मुमताजमहलच्या मृत्यूमुळे ठाऊक असते. आम्हांस त्या नगरीचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी वाटते. शतकानुशतके हे गाव कापडावर जगत आले आहे. विणणाऱ्याच्या हाती मोबदला किती पडावा, यावर सर्वत्र वाद झाले. तो केव्हा पडावा, या प्रश्नाकडे मात्र विद्वानांचे लक्ष क्वचितच गेले. वस्तुतः मालक आणि मजूर यांच्यातील धर्माची कसोटी तेथेच लागते.

सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये बुऱ्हाणपुरास येऊन गेला. तेथील तलम, जरीकाठी कापड इराण, तुर्कस्थान, अरबस्तान, इतकेच काय पण पोलंडापर्यंत जाते, असे त्याने नमूद केले आहे. त्या काळच्या कापडव्यापारात दादनीची रीत होती. व्यापारी विणकरास आगाऊ रक्कम देई; तिच्यावर सूत येई आणि चूलही पेटे. वरवर पाहता हा उपकारच! परंतु ठाण मागावर चढण्यापूर्वीच त्याचा भाव ठरलेला असे आणि अंगावरची रक्कम फिटेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाण्याची सोय नसे. पैसा आधी देऊनही माणूस बांधता येतो, तो असा.

आपले प्राचीन शास्त्रकार याविषयी उदासीन नव्हते. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत वेतन न देणे हे एक स्वतंत्र पद आहे. आणि आजारी पडलेला सेवक बरा होऊन ठरलेले काम पुरे करील, तर कितीही काळ लोटला तरी त्याचे वेतन त्यास मिळावे, असे तेथे म्हटले आहे. कौटिल्य तर सूतकताईच्या खात्याचाच विचार करतो. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांना दासींकरवी काम पोचवावे, वेतन सुताच्या प्रतीवरून ठरवावे आणि ते देण्यास विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास मध्यम प्रतीचा दंड करावा, असा त्याचा दंडक आहे. मात्र वेतन घेऊन काम न करणारीच्या अंगठ्यास त्याच प्रकरणात जी शिक्षा सांगितली आहे, तीही झाकून ठेवू नये. पूर्वजांचा अभिमान बाळगावा, पण संपूर्ण पान वाचून.

हा ग्रंथ शामशास्त्र्यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केला. तोवर मुंबईत गिरण्यांचा भोंगा सुरू होऊन अर्धशतक झाले होते आणि दादनीची तऱ्हा उलटी झाली होती. गिरणीत पगार आधी नव्हे, उशिरा मिळे; महिना भरून पुढचा निम्माअधिक सरला तरी मागील पैसे मालकाकडेच असत. नोकरी सोडावी तर ते बुडण्याची धास्ती, आणि मधल्या दिवसांसाठी वाण्याची उधारी. १८८४ साली ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी-कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुट्टी ही त्यातील मागणी सर्वांस पाठ आहे. तिच्याच शेजारी दुसरी एक होती: मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. किती माफक ही याचना!

आठवड्याची सुट्टी १८९१ च्या कायद्याने मिळाली. तारखेला मात्र १९३६ उजाडले, कारण पगार हा खाजगी कराराचा विषय, सरकारने त्यात पडू नये, अशी समजूत होती. वेतन-प्रदान कायद्याने एक हजारांहून कमी कामगार असतील तेथे ७ वी आणि इतरत्र १० वी तारीख ठरविली. दंडाची कापणी रुपयास अर्ध्या आण्यावर आणून रोखली. लोखंड्यांना जाऊन तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी बुऱ्हाणपुरात निघालेली तापी गिरणी १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे आली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या ज्या गिरण्या थांबल्या, त्यांत तीही होती. सरकार हाच मालक झाला म्हणजे तारीख आपोआप पाळली जाते, ही आमच्या पिढीची समजूत त्यामुळे बरीच सैल झाली.

गावात उरले ते मुख्यतः यंत्रमाग. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली वेतनसंहिता त्यांनाही लागू आहे. तिच्याप्रमाणे मासिक पगार पुढील महिन्याची ७ तारीख संपण्यापूर्वी द्यावयाचा. काम सोडले वा सोडविले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करावयाचा. आणि पैसे मिळाले नाहीत अशी तक्रार झाल्यास ते दिले, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. आमच्या मते हे शेवटचे कलम सर्वांत मोलाचे. एरव्ही कामगाराने न मिळालेल्या पैशाचा पुरावा आणावयाचा तरी कोठून? मागणीसाठी तीन वर्षांची मुदत आहे. ठेकेदार ‘सूत शेठचे, माग शेठचा’ म्हणून हात वर करील, तर आस्थापनेचा धनी त्या रकमेस जबाबदार राहतो. मजुरी मीटरवर ठरली म्हणून हक्क जात नाही. मात्र किती मीटर विणले, याची नोंद कामगाराने स्वतःच्या वहीतही रोज करावी, एवढे वकील म्हणून आम्ही सुचवितो.