कव्हर (मराठी व्यवहारातील अर्थ)

कव्हर : नाम, नपुंसकलिंगी, अनेकवचन कव्हरे, बोलण्यात कव्हरं. ‘पूर्ण झाकणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आणि इंग्रजांच्या अमलात भारतीय भाषांत शिरलेला शब्द. उशीपासून विम्यापर्यंत अनेक गोष्टींना तो मराठीत लावला जातो. बंगळुरूत गेलेल्या मराठी माणसाला मात्र त्याचा आणखी एक अर्थ ऐकू येतो. रोजच्या खरेदीत त्याच्याशी गाठ पडतेच, म्हणून ही नोंद तिथूनच सुरू केली आहे.

मारतहळ्ळीतील अर्थ. मारतहळ्ळी हा बंगळुरूच्या पूर्वेकडचा भाग. एचएएल विमानतळाकडून येणारा जुना विमानतळ रस्ता इथे बाह्य वळण रस्त्याला भेटतो. पूर्वीच्या या गावात आता संगणक कंपन्यांचे नोकरदार, पीजी वसतिगृहे आणि नामांकित कंपन्यांचे कपडे सवलतीत विकणारी दुकाने यांची दाटी आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर, नाशिककडून नोकरीसाठी आलेली बरीच मराठी मुले-मुली या पट्ट्यात राहतात. किराणा दुकानात सामान काट्यावरून उतरले की दुकानदार विचारतो, ‘कवर बेका?’ म्हणजे, पिशवी हवी का? नवख्याला वाटते, मोबाइलच्या कव्हराविषयी चालले आहे. इथे ‘कवर’ म्हणजे सामान भरून न्यायची पातळ पिशवी, बहुतेक वेळा प्लास्टिकची. ‘कवर कोडी’ म्हटले की ती हातात पडते. कन्नडप्रमाणेच तमिळ, तेलुगू आणि मल्याळममध्येही हा अर्थ रुळलेला आहे. त्यामुळे दुकानदार तमिळ असो वा मल्याळी, शब्द तोच राहतो.

याला चुकीचे इंग्रजी म्हणून हसणारे भेटतात, पण त्यात हसण्यासारखे काही नाही. हा अर्थ टपालातून आलेला दिसतो. इंग्रजी टपालव्यवहारात पत्राभोवतीच्या कागदाला, म्हणजे पाकिटाला, कव्हरच म्हणत. दक्षिणेत पाकिटासाठी हा शब्द टिकला; पुढे कागदी पुडीच्या पिशवीला आणि मग प्लास्टिकच्या पिशवीलाही तो लागला. वस्तू चारी बाजूंनी वेढून टाकणारे ते कव्हर, हा विचार त्यामागे सरळ आहे. मराठीने पाकिटासाठी ‘पाकीट’ आणि ‘लिफाफा’ हे शब्द घेतले, ‘लखोटा’ तर होताच. कन्नडमध्येही पाकिटाला ‘लकोटे’ म्हणतात, तेव्हा या बाबतीत दोन्ही भाषांचे घर एकच आहे. प्लास्टिकच्या पातळ पिशवीला महाराष्ट्रात ‘कॅरीबॅग’ हे नाव मिळाले. दोन कान असलेल्या पिशवीला कित्येक दुकानदार ‘झबला’ म्हणतात, कारण आकार तान्ह्या बाळाच्या झबल्याचा. व्यापारातल्या इतक्या नेमक्या शब्दाला कोशात जागा मिळायला हवी.

या अर्थाचे कव्हर आता कायद्याच्या कक्षेत आहे. कर्नाटकाने मार्च 2016 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यभर बंदी घातली, महाराष्ट्राने 23 मार्च 2018 रोजी. केंद्राच्या नियमांनुसार पिशवीची किमान जाडी 30 सप्टेंबर 2021 पासून 75 मायक्रॉन आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन झाली. जाडीचा आग्रह धरण्याचे कारण असे की पातळ पिशवी एकदा वापरून फेकली जाते, वाऱ्याने उडते, कचरा वेचणाऱ्यालाही ती उचलणे परवडत नाही आणि शेवटी ती गटाराच्या जाळीवर जाऊन बसते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली, तेव्हा तुंबलेल्या नाल्यांच्या कारणांत या पिशव्यांचे नाव पुढे आले. मारतहळ्ळी-बेळ्ळंदूरच्या पट्ट्यात सप्टेंबर 2022 मध्ये पाणी भरले. त्यामागे तलाव ओसंडणे आणि राजकालुवे, म्हणजे तलाव जोडणारे मोठे नाले, अतिक्रमणांनी आवळले जाणे ही मोठी कारणे होती. अशा आवळलेल्या नाल्यात कवरांचा गुंता अडकला की उरलेली वाटही बंद होते. बंदी असूनही भाजीच्या गाडीवर पातळ कवर मिळते, हे दोन्ही राज्यांतले वास्तव आहे. घरून कापडी पिशवी नेणे एवढा साधा उपाय आपल्या हातात असताना हे चालू राहावे, याची खंत वाटते.

टपाल. तिकीटसंग्राहकांच्या जगात कव्हर म्हणजे टपालातून गेलेले किंवा शिक्का मारलेले अख्खे पाकीट. नवे तिकीट निघते त्या दिवशीच्या शिक्क्यासह मिळणारे ते ‘प्रथम दिवस कव्हर’. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट 21 नोव्हेंबर 1947 रोजी निघाले. त्यावर तिरंगा आणि ‘जय हिंद’ ही अक्षरे होती. संग्राहक पाकिटावरून तिकीट सोलून काढत नाही, कारण शिक्का, पत्ता आणि कागद मिळूनच पुरावा होतो.

वही-पुस्तकाचे कव्हर. मराठी घरांत हा शब्द सर्वांत आधी कानावर पडतो तो जूनमध्ये. तपकिरी कागदाचा रोल येतो, नावाच्या चिठ्ठ्या येतात आणि जेवणे झाल्यावर घरातले मोठे माणूस कात्री घेऊन बसते. पुस्तक उघडून कागदावर पालथे ठेवायचे, चारी बाजूंना तीन बोटे कागद सोडायचा, कण्याच्या वर आणि खाली तिरपे काप देऊन मधली पट्टी आत दुमडायची. हे काप चुकले तर पुस्तक मिटताना कण्याशी कागद फाटतो. सगळे कसब तिथेच आहे. मग कोपरे दुमडून कडा नखाने दाबायच्या. हल्ली तयार प्लास्टिकची कव्हरे मिळतात आणि वेळ वाचतो, पण त्यांच्या आत ओल धरते.

छापखान्यात कव्हर म्हणजे पुस्तकाचे किंवा अंकाचे बाहेरचे पान. लेखनात मात्र ‘मुखपृष्ठ’ हा शब्द भक्कम राहिला. दिवाळी अंकांच्या परंपरेने त्याला मान मिळवून दिला, आणि दीनानाथ दलाल (1916–1971) यांच्यासारख्या चित्रकारांची मुखपृष्ठे लोकांनी कापून भिंतीवर लावली.

मागे सरलेले शब्द. कव्हर या एका शब्दाखाली मराठीतले कितीतरी नेमके शब्द झाकले गेले. उशीला घालतात तो अभ्रा. गादीची किंवा रजईची ती खोळ. पोथी बांधून ठेवायचे कापड म्हणजे बासन, तलवारीचे म्यान, पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल. तंबोऱ्याला घालतात ती गवसणी. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्याचा भोपळा एका धक्क्यात तडकू शकतो, म्हणून गवसणी जाड कापडाची, आतून मऊ अस्तराची शिवतात, आणि ती भोपळ्याच्या गोलाईवर घट्ट बसावी लागते. ‘गगनाला गवसणी घालणे’ म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात हे माप असते का, कोण जाणे. ‘बासनात गुंडाळणे’ आणि ‘पांघरूण घालणे’ हे वाक्प्रचार वर्तमानपत्रांत रोज दिसतात; त्यांच्या जोरावर हे शब्द जगले आहेत. अभ्रा आणि खोळ यांना असा आधार नाही, आणि दुकानांच्या पाट्यांवरून ते नाहीसे होत आहेत. घरात ते मुद्दाम वापरावेत, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

क्रिकेट. इथे दोन अर्थ आहेत. एक, पॉइंट आणि मिड-ऑफ यांच्या मधली क्षेत्ररक्षणाची जागा. कव्हर ड्राइव्ह हा फटका त्यावरून. दुसरा, पावसापासून खेळपट्टी झाकणारी आच्छादने. ही बहुतेक अनेकवचनात येतात, ‘कव्हर्स आली’. त्यांची मर्यादा बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाने पाहिली. नोव्हेंबर 2015 मधल्या भारत-दक्षिण आफ्रिका कसोटीत पहिल्या दिवसानंतर एकही चेंडू पडला नाही. खेळपट्टी झाकता येते, पण बाह्यमैदानात मुरलेल्या पाण्याचे काय करायचे? 2017 मध्ये तिथे मातीखालून पाणी ओढून घेणारी यंत्रणा बसवली गेली.

शेती. नाशिक आणि सांगली भागातील द्राक्षबागायतदार वेलींवर लोखंडी सांगाड्याच्या आधाराने प्लास्टिक ताणतात. त्याला क्रॉप कव्हर किंवा नुसते कव्हर म्हणतात. अवकाळी पावसाने मणी तडकतात आणि केवडा पसरतो, त्यावर हा उपाय. खर्च मोठा असल्याने लहान शेतकऱ्याला तो सहज झेपत नाही.

क्रियापदांचा आधार. मराठीत कोणते कव्हर अभिप्रेत आहे ते पुष्कळदा क्रियापदावरून कळते. वहीला कव्हर घालतात, मोबाइलला लावतात. बातमीदार सभा कव्हर करतो, शिक्षकांचा धडा कव्हर होतो. सैन्यात पुढे सरकणाऱ्या तुकडीला कव्हर देतात. विम्याचे कव्हर घेतात किंवा मिळते.

विमा. या अर्थी ‘संरक्षण’ हा पर्याय छापील कागदांत असतो, बोलण्यात कव्हरच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये हप्त्यावर अपघाती मृत्यूसाठी 2 लाखांचे कव्हर आहे. बँकेतल्या ठेवींना ते आपोआप असते, स्वतंत्र हप्ता भरावा लागत नाही. पण पुष्कळ ठेवीदारांना त्याची माहिती झाली ती सप्टेंबर 2019 मध्ये, मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा. त्या वेळी हे कव्हर प्रत्येक ठेवीदारामागे 1 लाख रुपये होते आणि 1993 पासून त्यात वाढ झालेली नव्हती. 4 फेब्रुवारी 2020 पासून ते 5 लाख झाले. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत ठेवलेली रक्कम त्यासाठी एकत्र धरतात, आणि व्याजही त्याच मर्यादेत मोजले जाते.