जुन्या भिंतीवर नवं ओझं

कोल्हापूरचा न्यू पॅलेस तुम्ही पाहिला असेल. काळ्या दगडाची इमारत, मधला घड्याळाचा मनोरा, तळमजल्यावरचं वस्तुसंग्रहालय आणि बाहेर फोटोसाठी थांबलेली माणसं. १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या या राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या रॉयल इंजिनिअर्समधल्या अधिकाऱ्याचा. आपला टाउन हॉल त्याचाच, बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा मूळ आराखडाही त्याचाच. पण न्यू पॅलेस पुरा झालेला त्याला बघायला मिळाला नाही. १८८१ मध्ये, चाळिशीच्या आसपास, तो वारला.

मँटबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. शेवटच्या दिवसांत त्याच्या मनाने घेतलं की आपली गणितं चुकली आहेत, आपण उभ्या केलेल्या इमारती एक दिवस कोसळणार. त्या धास्तीतच तो गेला, असं म्हणतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. बडोद्याचं काम पुढे रॉबर्ट चिझम या वास्तुकाराने पुरं केलं. दोन्ही राजवाडे आजही उभे आहेत.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरावर एक मजला वाढवायचं ठरलं, तेव्हापासून मला हा मँट सारखा आठवतो. त्याच्याकडे निदान स्वतः केलेलं गणित होतं. आमच्या घराचं गणित कुणी केलं, केलं की नाही, याचा एक कागद घरात नाही. कंप्युटरवर काम करणाऱ्यांना ही अवस्था ओळखीची आहे. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेला, आजही चालणारा कोड. का चालतो ते कुणाला ठाऊक नाही आणि हात लावायला सगळे घाबरतात.

घर पणजोबांनी बांधलेलं. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांच्या दीड हात रुंद भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर कौलं. आजी अजून घराचं माप चौरस फुटांत सांगत नाही. "आपलं चार खणांचं घर" म्हणते. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. तुळई जितकी लांब मिळेल तितकी खोली रुंद, आणि खण वाढवला की घर लांब. म्हणजे वाढ आडवी व्हायची, मागच्या परसाकडे. डोक्यावर मजला चढवायचा विचार आला तरी माडी लाकडाची आणि हलकी असायची.

उभी वाढ ही नव्या काळाची गरज. कोल्हापूरला नगरपालिका आली १८५४ मध्ये, महानगरपालिका झाली १९७२ मध्ये. तेव्हापासून हद्दवाढीचा वाद चालूच आहे. पेठांमधल्या घरांना मागे सरकायला जागा नाही, भावाभावांच्या वाटण्यांनी परसं संपली. मग उरतं ते आकाश. दोन खोल्या हव्यात, लग्न ठरलंय, वर्क फ्रॉम होमला जागा नाही, की चढवा स्लॅब.

पहिल्या ठेकेदाराने तेच सांगितलं. भिंती रुंद आहेत, वर बीम टाकू आणि स्लॅब ओतू. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाने याच भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा दिला होता. तेव्हापासून पावसाळ्यात आतल्या बाजूला ओल दिसते, लोणा फुटतो, रंग पापुद्र्यांनी सुटतो. दरवर्षी आम्ही वॉटरप्रूफ रंगाचा एक हात जास्त देतो आणि दरवर्षी ओल एक वीत वर चढते.

याचं कारण कळायला चुन्याचा इतिहास बघावा लागतो. अनेक किल्ल्यांवर दगडाचं एक गोल चाक आणि वर्तुळाकार चर दिसतो. ती चुन्याची घाणी. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, मग वाळूबरोबर घाणीत घालून बैलांकडून दळून घ्यायची. काही ठिकाणी त्यात गूळ आणि हिरडाही घालत. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोन्‌महिने हळूहळू दगड होत जातो. पण तो थोडा मऊच राहतो, आणि मुख्य म्हणजे त्यातून वाफ जाते. जमिनीतून भिंतीत चढलेलं पाणी उन्हात त्याच्यावाटे बाहेर पडतं.

सिमेंट मूळचं इंग्लंडचं. तिथे १८२४ मध्ये त्याचं पेटंट निघालं. १९१४ च्या सुमारास पोरबंदरला कारखाना चालू झाला, १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली आणि पुढच्या काही दशकांत घाण्या थांबल्या. सिमेंट लवकर धरतं, कडक होतं, कुठल्याही दुकानात मिळतं. नव्या बांधकामाला ते उत्तमच. पण मातीच्या भिंतीवर चढवलं की पाण्याची बाहेरची वाट बंद. जमिनीतून ओल येतच राहते. मग ती आतल्या बाजूने निघते नाहीतर वर चढते.

आमच्याकडे आलेल्या म्हाताऱ्या गवंडीमामांनी गिलाव्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "पोरा, ही भिंत कोंडलीय. आधी हिला मोकळी कर, मग वरचं बघू."

गिलावा काढला तर खालच्या तीन-चार थरांच्या विटा हाताने कुसकरत होत्या. याच भिंतींवर आम्ही कित्येक टनांचा स्लॅब ठेवणार होतो.

इथे जुन्याच्या प्रेमात पडून चालणार नाही, कारण मातीच्या घरांचा दुसरा इतिहासही महाराष्ट्राने पाहिला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः स्वतःच्या घराखाली. किल्लारीच्या भिंती रुंद होत्या, पण त्या एकसंध नव्हत्या. बाहेरचा दगडी थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती आणि कपच्यांची भर, आणि दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. वर मातीच्या धाब्याचं प्रचंड वजन. जमीन हलली तसे थर सुटले आणि धाबं खाली आलं. रुंद भिंत म्हणजे मजबूत भिंत हा समज तिथे हजारो लोकांच्या जिवावर बेतला. आपल्याकडे २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी नेलं. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण पूरपट्ट्यात कच्च्या विटांच्या भिंती भिजून बसल्या.

म्हणजे आमच्यापुढे दोन सोपे रस्ते होते आणि दोन्ही इतिहासाने खोडलेले. जुन्या भिंतीवर स्लॅब टाकायचा नाही. आणि जुनं ते सोनं म्हणून तसंच बसून राहायचंही नाही.

शेवटी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी आधी कोपऱ्यात खड्डा घेऊन पाया कुठवर गेलाय ते पाहिलं. खाली काळी माती निघाली. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मग जुन्या तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. तडा अजून हलत असेल तर काच फुटते. दोन महिन्यांत एक फुटली, पाच शाबूत राहिल्या. घर बहुतेक ठिकाणी स्थिर होतं.

त्यांचा सल्ला असा. नवी वाढ जुन्या भिंतीवर टेकवायची नाही. तिला स्वतःचे कॉलम आणि मुरमापर्यंत नेलेला स्वतःचा पाया द्यायचा. दोघांमध्ये दोन इंचांची फट ठेवायची, वरून पत्र्याने झाकायची. जुनं घर जेवढं बसायचं तेवढं केव्हाच बसलं आहे, नवं आता बसायला लागेल. दोघांना घट्ट जोडलं तर तडा नेमका सांध्यावर पडणार. जुन्या भिंतींच्या कुजलेल्या विटा टप्प्याटप्प्याने बदलायच्या, वर पट्टा बांधून भिंती एकमेकींत अडकवायच्या आणि गिलावा पुन्हा चुन्याचा करायचा.

खर्च वाढला. बाबांनी दोन रात्री हिशेब केला आणि वरच्या दोन खोल्यांची एक झाली. ती एक खोलीही परसाकडे, कॉलमवर. आजीचे चार खण राहिले.

मँटच्या गोष्टीतली भीती मला आता वेडाची वाटत नाही. ज्याच्या डोक्यावर लोक झोपणार आहेत, खेळणार आहेत, त्याने थोडं घाबरलेलंच बरं. फक्त ती भीती मनात ठेवून भागत नाही. ती खड्ड्यात उतरवून पाया बघावा लागतो, तड्यावर काच लावून थांबावं लागतं. तुमच्या घरी कुणी येऊन "भिंत रुंद आहे, चालतंय" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: पाया बघितला का?