सिनेमा बघून इंग्रजी येतं का? एका बटणाचा इतिहास

"इंग्रजी सुधारायचंय ना? मग इंग्रजी सिनेमे बघ." मराठी माध्यमातून आयटीत आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या वर्षी हा सल्ला मिळतो. मलाही मिळाला होता. देणारी माणसं चांगली असतात आणि सल्लाही चुकीचा नसतो. पण पाच-पाच वर्षं 'फ्रेंड्स' बघून त्यातले विनोद तोंडपाठ झालेत आणि तरी क्लायंटच्या कॉलवर म्यूट काढताना हात थरथरतो, अशी मंडळी माझ्या ओळखीत आहेत. कोड झकास लिहितात. अप्रेझलला मात्र 'कम्युनिकेशन' नावाच्या एका रकान्यात दरवर्षी अडकतात. त्यांना समजतं सगळं, बोलता येत नाही.

असं का होतं याचा शोध घेताना मी गेले काही वीकांत एका भलत्याच इतिहासात शिरलो. छोट्या फिल्म दाखवून इंग्रजी शिकवण्याचा उद्योग चांगला ऐंशी वर्षांचा आहे. तो वाचल्यावर वाटलं, की आपल्याला मिळालेला सल्ला अर्धाच आहे. उरलेला अर्धा वाटेत कुठेतरी गळून पडला. तो अर्धा म्हणजे पॉजचं बटण.

सुरुवात करू आय. ए. रिचर्ड्स यांच्यापासून. इंग्रजी साहित्य घेऊन एमए केलेल्या कुणालाही विचारा, हे नाव ऐकून तो सुस्कारा सोडेल. समीक्षेतलं हे फार मोठं नाव. शिवाय गडी पट्टीचा गिर्यारोहक. त्यांचे मित्र सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश' मांडलं. कल्पना एकदम आपल्या धंद्यातली वाटते. अख्ख्या इंग्रजीचा कमीत कमी इन्स्ट्रक्शन सेट किती? ऑग्डेन म्हणाले, ८५० शब्द. त्यात क्रियापदं फक्त १८. 'प्रवेश करणे' हवं असेल तर 'आत जाणे' म्हणा, काम भागतं. आणि त्या ८५० पैकी २०० शब्द असे होते, की त्यांचं नुसतं चित्र काढून दाखवता येईल.

रिचर्ड्स यांनी पकडलं ते हे शेवटचं. त्यांनी चीनमध्ये शिकवलं होतं. त्यांना तिथल्या शाळांमध्ये बेसिक इंग्लिश न्यायचं होतं, त्यासाठी रॉकफेलर फाउंडेशनचा पैसाही मिळाला होता. पण १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं आणि ते काम कोलमडलं. १९३९ मध्ये रिचर्ड्स हार्वर्डला गेले. आणि १९४२ मध्ये हा प्राध्यापक चक्क डिस्नेच्या स्टुडिओत जाऊन कार्टूनवाल्यांबरोबर बसला. साध्या रेषेत अर्थ कसा पकडायचा, हे त्यांना शिकायचं होतं. पुढे 'मार्च ऑफ टाइम' या बातमीपट काढणाऱ्या कंपनीबरोबर इंग्रजी शिकवणाऱ्या छोट्या फिल्म निघाल्या. १९४५ मध्ये क्रिस्टीन गिब्सन यांच्याबरोबर त्यांचं काडीमाणसांच्या चित्रांचं पुस्तकही आलं, जे नंतर 'इंग्लिश थ्रू पिक्चर्स' या नावाने जगभर गेलं.

यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्या, त्याचं इंग्रजी करा. रिचर्ड्स यांना हा मधला टप्पाच नको होता. एक काडीमाणूस टेबलावरची टोपी उचलणार आहे, उचलतोय, त्याने उचलली. तीन चित्रं, तीन काळ. मातृभाषेतला एकही शब्द नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. (डीबगिंग करताना आपण दुसरं काय करतो?) आणि काळ शिकवायला फिल्मसारखं साधन नाही, कारण फिल्ममध्ये वेळ खरोखरच पुढे सरकते. टोपी डोळ्यांदेखत उचलली जाते.

अडचण एकच होती. फिल्म थांबत नव्हती.

त्या काळचा प्रोजेक्टर म्हणजे एक कडक दिवा आणि त्याच्यापुढून सरकणारी पट्टी. पट्टी मधेच थांबवून एकच चौकट दिव्यापुढे धरली तर ती करपायची भीती. शिवाय मागे घेऊन तेच वाक्य पुन्हा ऐकवायचं, तर तो सगळा खटाटोप. म्हणजे फिल्म सुरू झाली की संपेपर्यंत विद्यार्थी गप्प. शिक्षकही गप्प. आणि भाषा तर बोलायची गोष्ट.

टीव्ही आल्यावर हा प्रश्न सुटला नाही, मोठाच झाला. बीबीसीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला 'वॉल्टर अँड कॉनी' ही इंग्रजी शिकवणारी मालिका काढली आणि ती अनेक देशांत दाखवली गेली. छोटे प्रसंग, थोडा विनोद, बेताचे शब्द. पण प्रक्षेपण म्हणजे प्रक्षेपण. वॉल्टर काय म्हणाला ते निसटलं तर निसटलं.

मग १९७० च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीने 'फॉलो मी' ही मालिका तयार केली. साधारण पंधरा-पंधरा मिनिटांचे ६० भाग. नाव कसं विचारायचं, रस्ता कसा विचारायचा, दुकानात काय म्हणायचं, असे प्रसंग. ती बऱ्याच देशांत चालली, पण खरा इतिहास घडला तो चीनमध्ये.

चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती नुकतीच संपली होती. बंद पडलेली विद्यापीठाची प्रवेश परीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९७८ च्या डिसेंबरात डेंग शियाओपिंग यांच्या सुधारणांना तोंड फुटलं. इंग्रजी शिकायला अख्खा देश आसुसलेला, आणि शिकवायला माणसं नाहीत. शिक्षक इतके कमी, की बोललेलं इंग्रजी ऐकायला मिळणंही दुर्मीळ. १९८२ च्या जानेवारीत सीसीटीव्हीवर 'फॉलो मी' सुरू झाली आणि प्रेक्षक कोट्यवधींच्या घरात गेले. तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हते, लोक शेजाऱ्यांकडे जमून बघायचे. आपल्याकडे पाच वर्षांनी 'रामायण' लागल्यावर काय व्हायचं ते आठवा, किंवा आईबाबांना विचारा. फरक एवढाच, की तिथे लोक इंग्रजीचा धडा बघायला जमत होते.

आता यातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चीनने बीबीसीची फिल्म आहे तशी सोडून दिली नाही. पडद्यावर दोन माणसं आणून बसवली. एक ब्रिटिश शिक्षिका कॅथी फ्लॉवर आणि दुसरे बीजिंगचे प्राध्यापक हू वेनझोंग. फिल्मचा प्रसंग दाखवायचा, मग हे दोघे तो उलगडून सांगायचे. तो माणूस असं का म्हणाला, हे वाक्य कुठे वापरतात, कुठे नाही. चिनी भाषाही वापरायचे. म्हणजे प्रेक्षकाच्या हातात पॉजचं बटण नव्हतं, तर चीनने दोन जिवंत माणसांनाच पॉज बनवलं! आणि रिचर्ड्स यांनी दाराबाहेर ठेवलेली मातृभाषा सन्मानाने आत आली. फिल्मने प्रसंग दाखवला, पण तो आपला करून द्यायला आपल्या भाषेतलं माणूस लागलं.

योगायोग बघा. रिचर्ड्स १९७९ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी पुन्हा चीनला व्याख्यानं द्यायला गेले. तिथेच ते आजारी पडले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केंब्रिजमध्ये वारले. चीनला फिल्ममधून इंग्रजी शिकवता येईल, ही गोष्ट खरी झालेली बघायला ते अडीच वर्षं कमी पडले.

तोपर्यंत दुसरीकडे एक यंत्र आलं होतं. जेव्हीसीने १९७६ मध्ये जपानमध्ये व्हीएचएस बाजारात आणलं. आपल्याकडे व्हीसीआर म्हणजे भाड्याने आणून गल्लीत रात्रभर तीन सिनेमे. एका रात्रीचं भाडं वसूल करायचं असल्यामुळे पॉज दाबायची कुणाची छाती नव्हती, झालाच तर चहापुरता. पण १९८० च्या दशकात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या हातात हे यंत्र पडलं आणि त्यांना जे हवं होतं ते नेमकं मिळालं. आता थांबवता येत होतं, मागे नेता येत होतं, आवाज बंद करता येत होता.

यातून शिकवण्याच्या ज्या तऱ्हा निघाल्या त्या भन्नाट आहेत. आवाज बंद करून प्रसंग दाखवायचा आणि विचारायचं, ही दोघं काय बोलत असतील? किंवा अर्ध्या वर्गाने पडद्याकडे पाठ करायची. बघणाऱ्यांनी न बघणाऱ्यांना काय चाललंय ते इंग्रजीत सांगायचं, अगदी क्रिकेटच्या धावत्या समालोचनासारखं. किंवा ऐन मोक्याच्या जागी फिल्म थांबवायची. आता पुढे काय होईल? प्रत्येकाने एक वाक्य बोला, मगच पुढचं दिसेल. पुढचं बघायचंय म्हणून पोरं बोलतात. व्याकरणाच्या धाकाने बोलत नाहीत, उत्सुकतेने बोलतात.

आणि मग शिक्षकांच्या लक्षात एक मजेशीर गोष्ट आली. इंग्रजी शिकवायला उत्तम फिल्म कोणती? जिच्यात इंग्रजी जवळजवळ नाहीच ती! 'मिस्टर बीन' १९९० मध्ये सुरू झाला आणि जगभरच्या इंग्रजीच्या वर्गांत जाऊन बसला. बीन स्वतः फारसं काही बोलतच नाही, मग बोलायचं काम कुणावर पडतं? बघणाऱ्यावर. पिक्सारची 'गेरीज गेम' ही १९९७ ची शॉर्ट फिल्मही तशीच. एक म्हातारा बागेत एकटाच स्वतःशी बुद्धिबळ खेळतो, दोन्ही बाजूंनी. पाच मिनिटांच्या आत सगळं संपतं आणि शब्द एकही नाही. ही फिल्म दाखवून 'काय झालं ते सांग' म्हटलं, की माणसाला चालू काळ लागतो, भूतकाळ लागतो, 'नाटक करतोय' याला इंग्रजी शब्द लागतो. शब्द आधी हवासा होतो आणि मग मिळतो. असा मिळालेला शब्द सहसा विसरत नाही. यादीतून पाठ केलेल्या शब्दाचं तसं नसतं.

छोटी फिल्मच का, याचंही उत्तर यातच आहे. दोन तासांचा सिनेमा मधेमधे थांबवला तर त्याचा विचका होतो आणि बघणारा वैतागतो. पाच मिनिटांची फिल्म चार वेळा बघता येते. पहिल्यांदा नुसती बघायची, दुसऱ्यांदा थांबत, तिसऱ्यांदा आवाज बंद करून स्वतः बोलत, चौथ्यांदा पडताळत. आणि एवढं सगळं एका तासिकेत बसतं.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधीची आम्ही मराठी माध्यमाची मंडळी पाचवीत एबीसीडीपासून सुरुवात करून आलो. आज दोघांच्याही खिशात जगातल्या तमाम फिल्म आहेत. प्रोजेक्टर करपत नाही. व्हीसीआरचं भाडं नाही. शेजाऱ्याकडे जायला नको. स्पेसबारवर बोट टेकवलं की चित्र थांबतं. रिचर्ड्स यांनी ज्यासाठी डिस्नेपर्यंत पायपीट केली त्याच्या हजारपट आपल्या हातात आहे. आणि आपण करतो काय? ऑटोप्ले चालू ठेवून खाली सबटायटल वाचतो. म्हणजे यंत्र १९४० च्या दशकातल्या विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी पुढे गेलं, पण आपण त्याच्यासारखेच गप्प बसलोय. त्याचा नाइलाज होता.

बघून कान तयार होतात, हे खरंच. शब्दसंग्रह वाढतो, उच्चार कळतात. तेवढ्यासाठी खुशाल बघा, मीही बघतो. पण बोलणं हा आउटपुट आहे आणि तो तपासायचा तर प्रोग्रॅम चालवून बघावा लागतो. नुसता दुसऱ्याचा कोड वाचून आजवर कुणी डेव्हलपर झालेला नाही.

तेव्हा 'कम्युनिकेशन'च्या रकान्यात अडकलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींना सल्ल्याचा उरलेला अर्धा भाग देतो. एक छोटी फिल्म निवडा, शक्यतो मुकी. एक जोडीदार पकडा, त्याचं इंग्रजी तुमच्याइतकंच कच्चं असलं तरी बिघडत नाही. एकाने स्क्रीनकडे पाठ करायची, दुसऱ्याने सांगायचं. अडलात तर सरळ मराठीत विचारा, 'अरे, खोटं खोटं करणे याला काय म्हणतात?' हू वेनझोंग यांच्यासारखे प्राध्यापक त्यासाठीच तर होते. दर अर्ध्या मिनिटाला पॉज. आठवड्यातून एक फिल्म, जेवणाच्या सुट्टीत, मीटिंग रूम रिकामी असते तेव्हा. पहिले दोन आठवडे हसू येईल. येऊ द्या. क्लायंटसमोर गप्प बसण्यापेक्षा मित्रासमोर हसं झालेलं परवडलं.

चला, पुढच्या वीकांताला भेटू.