जड गाडी की हलकी? मालवणच्या रस्त्यांवरून मोटारसायकलचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण चाकरमानी भेटला. नोकरी मुंबईत, घर मालवणजवळ. म्हणाला, "सर, कर्ज मंजूर झाला. आता गाडी खंयची घेवची? लांबच्या प्रवासाची मोठी, की हलकी क्रूझर?" आणि हळूच पुढे, "आवशीक डॉक्टराकडे न्हेवक लागता."

हा प्रश्न शोरूमवाल्याचा वाटतो, पण तो इतिहासाचाही आहे. कारण प्रत्येक गाडी कुठल्या तरी रस्त्यासाठी घडलेली असते.

क्रूझरची घडण अमेरिकेची. हार्ले-डेव्हिडसन १९०३ साली सुरू झाली. तिथले रस्ते लांब, सरळ. म्हणून बैठक खाली, पाय पुढे, हँडल मागे ओढलेलं. टूरिंग गाडीचं गणित वेगळं. दिवसभर दोघांनी सामानासकट जायचं, म्हणून मोठी टाकी, दमदार इंजिन, वाऱ्याला आडोसा. १९७५ साली आलेली होंडाची गोल्ड विंग पुढे याच जातीची ओळख बनली. या दोघींपैकी कोणाच्याच मनात आपली जांभ्याची पाणंद नव्हती!

आपल्याकडे काय होतं? १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली, तिची बुलेट. १९६० साली म्हैसूरला आयडियल जावा. मग १९८५ साली कमी पेट्रोल पिणारी हिरो होंडा सीडी १००. पण गाडी कुठलीही असो, ती एकच असायची आणि तीच सगळं करायची: ऑफिस, बाजार, लग्नकार्य, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई. निवड करण्याची चैन अगदी अलीकडची. बजाजची एलिमिनेटर २००१ साली आली, तिच्यामागून २००५ साली ॲव्हेंजर. म्हणजे क्रूझर सामान्य घराच्या आवाक्यात आणली ती पुण्याच्या कंपनीने. रॉयल एन्फिल्डची हिमालयन त्यानंतर, २०१६ साली.

आता आपल्या वाटा बघा. एके काळी मुंबईहून मालवणला माणूस बोटीने यायचा, आणि पावसाळ्यात बोट बंद. मग एस.टी., मग मुंबई-गोवा महामार्ग. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि इथे आपल्या प्रश्नाला वळण मिळतं. मुंबईपासूनचे सुमारे ५०० किलोमीटर आता गाडीवरच काढायला हवेत असं नाही. मात्र मालवणात रेल्वे आलेली नाही. कुडाळ नाहीतर कणकवलीला उतरायचं, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर, वाडीतला चढ, पावसात शेवाळलेले चिरे.

त्या चढावर काय होतं? पहिल्या हिमालयनची बैठक ८०० मिलिमीटर उंच होती, ॲव्हेंजर २२०ची ७३७. वजन एकीचं दोनशे किलोच्या आसपास, दुसरीचं सुमारे १६०. मागे आई बसलेली, पुढून एस.टी. आली आणि थांबावं लागलं, तर दोन्ही पाय जमिनीला टेकणं फार मोलाचं. पण क्रूझरलाही सोडू नका! तिचं पोट जमिनीपासून १६९ मिलिमीटरवर, पहिल्या हिमालयनचं २२० वर होतं. वर आलेल्या चिऱ्याला ते घासू शकतं. शिवाय पाय पुढे असल्याने खड्ड्यात अंग उचलता येत नाही, हादरा थेट कंबरेत बसतो.

म्हणून मी त्याला एवढंच विचारलं, "वर्षातले किती दिवस तू महामार्गावर असतोस नि किती दिवस वाडीत?" चतुर्थीला, शिमग्याला दरवेळी मुंबईहून गाडीनेच येणार असशील, पुढे आंबोली चढून घाटावर भटकणार असशील, तर मोठी गाडी घे, तिचा उपयोग होईल. पण तू रेल्वेने येणार आणि गाडी घरी उभी राहणार, तर ती इथल्या रस्त्याची हवी. मग हलकी बरी.

आणि शोरूमात एकटा जाऊ नकोस. आवशीला घेऊन जा. तिला मागे बसव. धरायला दांडी आहे का, पाय ठेवायला नीट जागा आहे का, साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी आहे का, ते बघ. कायद्यानेही हे लागतंच. तिला चढता-उतरता आलं नाही, तर ती डॉक्टरकडे जायचं टाळेल आणि तुला कारणही सांगणार नाही. हप्ते तू भरणार, पण मागची सीट तिची आहे.