नारायणगावचा सोंगाड्या

शिवनेरीच्या छायेतील जुन्नर कसब्याला राजकीय दप्तरांत जे स्थान लाभले, तेच स्थान तमाशाच्या व्यवहारात त्याच तालुक्यातील नारायणगावाने मिळविले. कारण यात्रांचा हंगाम जवळ आला की फडमालक तेथे राहुट्या ठोकतात आणि जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, तर दूरदूरचे गावकारभारी येऊन, यथेच्छ घासाघीस करून, इसार मोजून खेळाचा करार करतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने आणि भाऊंची कन्या विठाबाई (१९३५–२००२) यांच्या नृत्यगायनाने या गावाची कीर्ती सर्वत्र नेली, हे सर्वश्रुत आहे. मात्र फडातल्या विनोदी नटाचे, म्हणजे सोंगाड्याचे, स्मरण त्या मानाने फारच थोडे होते.

सोंगाड्या एकाएकी घडत नसे. फडात शिरलेले पोर आधी मागे उभे राहून झील धरी, तुणतुणे छेडी, झांज वाजवी. ताल अंगात मुरला म्हणजे गौळणीतला पेंद्या किंवा मावशी त्याच्या वाट्याला येई, आणि बतावणीत समोरच्याची फजिती करण्याइतकी जीभ धारदार झाली, की वगातला हुजऱ्या किंवा शिपाई होऊन तो राजासह साऱ्या दरबाराची रेवडी उडवी. वगाचा प्रायः सांगाडाच ठरलेला असे, संवाद ज्या त्या रात्री उभे राहत. म्हणजे हा वादक नट होई आणि नट होता होता लेखकही होई, फक्त त्याच्या लेखनाला कागद नसे. लावणीच्या अखेरीस शाहिराची नाममुद्रा असते, म्हणून ती टिकली. कोटीवर कोणी शिक्का मारावा?

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, इकडे घाटात बैलगाड्या धावण्याची सिद्धता चाललेली असताना, गावात ‘हजेरी’, म्हणजे तमाशाचा दिवसाचा खेळ, होई. रात्रीच्या अंधाराचे आणि रंगभूषेचे साहाय्य तेथे नसे. खरी परीक्षा, माझ्या मते, हीच.

वादकापासून नटापर्यंत आणि नटापासून लेखकापर्यंतचा हाच मार्ग मुंबईत दादा कोंडके यांनी वेगळ्या रीतीने आक्रमिला: बँडपथक, सेवादलाचे कलापथक, वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’, आणि १९७१ साली ‘सोंगाड्या’ याच नावाचा चित्रपट, पुढे पटकथा आणि गीतेही त्यांनी लिहिली. मावळातल्या इंदोरीचे दादा इंदुरीकर मात्र फडाच्याच परंपरेतले. ‘गाढवाचं लग्न’ हा वग लिहिला हरिभाऊ वडगावकरांनी, परंतु लोकांनी तो ओळखला इंदुरीकरांच्या सावळ्या कुंभारावरून; नुसती संहिता वाचणाऱ्याला त्यातला निम्मा हशा सापडावयाचा नाही.