भाल्याच्या फाळावरची पन्हळ

अमेरिकेत माणूस कुठून आला, हा वाद कित्येक वर्षं एका बोटभर दगडी फाळाभोवती फिरत राहिला. त्याचं नाव क्लोव्हिस, वय सुमारे १३,००० वर्षं. बुडाकडून लांब टवका उडवून त्यावर मधोमध पन्हळ पाडतात, म्हणजे दांडीच्या खाचेत फाळ चपखल बसतो. घाव किंचित चुकला की दोन तुकडे. क्लोव्हिसच्या आधीही तिथं माणूस होता, हे चिलीतल्या मोंटे व्हर्देनं केव्हाच दाखवलं आहे.

स्टॅनफर्ड आणि ब्रॅडली या पुरातत्त्वज्ञांच्या जोडीनं फाळांच्या साम्यावरून क्लोव्हिसची माणसं फ्रान्स-स्पेनकडून अटलांटिकच्या बर्फाच्या कडेकडेनं आली, असं मांडलं. मला हे मुळीच पटत नाही. युरोपातल्या त्या फाळांना पन्हळच नाही, शिवाय मध्ये हजारो वर्षांची फट. मोंटानात क्लोव्हिस हत्यारांसोबत पुरलेल्या बाळाचा जनुकसंच २०१४ मध्ये वाचला, तर कूळ आशियाई निघालं. अलास्कातले पन्हळीचे फाळ क्लोव्हिसहून अलीकडचे; म्हणजे पन्हळ अमेरिकेतच जन्मली आणि उलटी उत्तरेला चढली. त्यावर कडी म्हणजे येमेन-ओमानमधल्या आठेक हजार वर्षांपूर्वीच्या फाळांवरही तीच पन्हळ असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. काहींवर तर ती टोकाकडे! तिथं दांडीचा संबंधच काय? कारागिराची ऐट, दुसरं काय.

मग सैबेरियातून अमेरिकेकडे निघालेल्यांकडे काय होतं? हाडाच्या खाचेत ओळीनं बसवायची बारकी पाती. तशी बारकी पाती आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला पुरातत्त्वज्ञ साळींच्या उत्खननात निघाली. तिथलं शहामृगाच्या अंड्याचं कवच सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं. म्हणून काही कोणी खानदेशी माणसाला अलास्कात नेऊन बसवत नाही.

आपल्याकडची पाती इतकी बारकी का? पुरातत्त्वज्ञ मेलर्स म्हणायचे, ही कला आफ्रिकेतून माणसांबरोबर आली. दुसरे पुरातत्त्वज्ञ पेट्राग्लिया म्हणतात, हवामान बिघडलं, माणसं वाढली, त्यातून ती इथंच सुचली. मी बोट दाखवतो दगडाकडे. इथला काळा दगड हवा तेवढा मोठा मिळेल, पण त्याचं पातळ पातं नीट निघत नाही. धार धरते गारगोटी, आणि ती असते फार तर मुठीएवढी. तिच्यातून वीतभर फाळ काढणार कुठून? सैबेरियात हा हिशेब जुळत नाही, कबूल. तिथं हिवाळाभर दगड बर्फाखाली. हाताशी असेल तोच पुरवून वापरायचा, असं मी धरून चालतो.