सगळ्यांच्या आधी उठणारी

नांदुरा म्हटलं की आता लोकांना एकशेपाच फुटी हनुमान आठवतो. आमच्या लहानपणी तो नव्हता. तेव्हा गावाची ओळख म्हणजे रेल्वे स्टेशन. मुंबईहून येताना मलकापूरच्या पुढचं आणि शेगावच्या अलीकडचं. याच स्टेशनावरून आईचा चुलतभाऊ, अण्णामामा, एका रात्री पत्र्याची ट्रंक घेऊन मुंबईला गेला. कोणत्या साली गेला यावर आई आणि मावशीचं कधी एकमत झालं नाही. आई म्हणे चीनच्या लढाईच्या आधी, मावशी म्हणे नंतर. ट्रंकेत आजीनं कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि तिळाची चटणी बांधून दिली होती, याबद्दल मात्र दोघींना शंका नव्हती.

मामा मुंबईला नेमकं काय करतो हे घरात कोणालाच धड सांगता येत नसे. कोणी विचारलं की आजी म्हणे, "थो सकायी मशीन उठवते." ऐकणाऱ्याला वाटे, कापसाची जिनिंग असेल. खामगाव जवळ, त्यामुळे मशीन म्हटलं की आमच्याकडे डोळ्यांपुढे जिनिंगच येई.

मामा कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होता. तिथे डॉ. आर. नरसिंहन यांच्या चमूनं आपल्या देशातला अगदी सुरुवातीचा संगणक घडवला. फेब्रुवारी १९६० मध्ये तो चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, टिफ्रॅक. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती २०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. म्हणजे सगळी मिळून दहा हजार अक्षरांच्या आसपास. आज सकाळी फोनवर येणारं एक सुप्रभाताचं चित्रही तेवढ्या जागेत मावायचं नाही. पण तेव्हा देशभरातले शास्त्रज्ञ आपली गणितं घेऊन त्या खोलीच्या दाराशी येत.

मामा गावी आला की रात्री धाब्यावर अंथरुणं पडत आणि आम्ही पोरं त्याच्याभोवती जमत असू. माझा नेहमीचा प्रश्न एकच. बटण दाबलं की लगेच सुरू होतं का? मामा हसे. "काहून घाई करतं रे बाप्पा? तिले पयले उठू तं दे."

मग तो सांगे. नळ्या तापायला वेळ द्यावा लागतो. मग कागदी पट्टी, तिच्यावर भोकं पाडलेली, ती वाचनयंत्रात लावायची. त्या भोकांत यंत्राला काय करायचं ते लिहिलेलं. पण इथेच मोठी गोम आहे. पट्टी वाचायची कशी, हे यंत्राला कोण सांगणार? ते सांगणारा प्रोग्रॅमही बाहेरूनच आत जायला हवा, आणि आत घ्यायचा तर वाचता यायला हवं.

या कोड्याचं एक फार देखणं उत्तर इंग्लंडात केंब्रिजला निघालं होतं. तिथला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये पहिल्यांदा चालला. डेव्हिड व्हीलर या तरुणानं त्याच्यासाठी फक्त ३१ आज्ञा लिहिल्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेव्हा वापरत तसल्या स्विचांच्या तारांत कायमच्या पक्क्या केलेल्या होत्या. सुरू करायचं बटण दाबलं की त्या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत आणि मग पुढची सगळी पट्टी त्या वाचून घेत. यंत्र पूर्ण बंद असतानाही तेवढं ज्ञान त्याच्या अंगात शिल्लक राही.

हे मी पुष्कळ पुढे वाचलं, तेव्हा मला आजीची चूल आठवली. आजी रात्री चुलीतला एक ठसठशीत निखारा राखेखाली झाकून ठेवी. पहाटे अंधारातच उठून ती राख बाजूला सारी, निखाऱ्यावर दोन गोवऱ्यांचे तुकडे आणि मूठभर पऱ्हाट्या ठेवून फुंकणीनं फुंके. काडेपेटी फक्त सणासुदीला लागते असं मला कितीतरी वर्षं वाटे. चूल पेटली की पाणी, पाणी तापलं की आजोबा, मग मामी, मग गोठ्यातला गडी, शेवटी आम्ही. कोणाला कधी उठवायचं याचा क्रम तिच्या डोक्यात होता. ती कधी उठते ते मात्र आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नाही.

कुलाब्याला १९६४ साली अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला आणि मामाच्या कामाचं रूप पालटलं. आधी एकाचं गणित संपलं की दुसऱ्याचं हातानं लावायचं, मधला वेळ फुकट. मोठ्या यंत्राचा वेळ सोन्याच्या भावाचा. हा वेळ वाचवायला अमेरिकेत १९५६ सालीच जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांनी आयबीएम ७०४ साठी एक देखरेख्या प्रोग्रॅम केला होता. एक काम संपलं की तो स्वतःच पुढचं काम लावून देई. कुलाब्यातही आता पंचकार्डांचे गठ्ठे एकामागून एक जात. आजीला मामानं हे समजावलं, तेव्हा ती म्हणाली म्हणे, "मंग तुह्याकडे काय काम उरलं?" मामा हा प्रसंग सांगताना दर वेळी थोडा गंभीर होई. "उठवाचं काम उरलं, माय," असं आपण उत्तर दिलं, असं तो सांगे. ते उत्तर त्यानं मागाहून रचलं असेल का, असं मला कधी कधी वाटतं. पण खरं होतं ते.

माझी गाठ या पहाटेच्या कामाशी पडली ती बँकेत. ऐंशीच्या दशकाअखेरीस शाखांमध्ये युनिक्सवर चालणारी यंत्रं येऊ लागली. सकाळी ग्राहकांच्या आधी येऊन 'डे बिगिन' करायचं आणि संध्याकाळी 'डे एंड'. युनिक्स केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९६९ पासून घडवलं. त्याची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची, आणि तिच्यातच इनिट भेटते. यंत्र जागं झालं की सगळ्यात आधी चालू होणारी ही प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, क्रमांक १. ती आधी घर आवरते. काल यंत्र मध्येच बंद पडलं असेल तर कोण कोण आत बसलं होतं ती जुनी यादी पुसते. मग जोडलेल्या प्रत्येक टाइपरायटरपाशी एकेक प्रोसेस उभी करते, ती येणाऱ्याला नाव विचारते. माणूस काम संपवून गेला की इनिट पुन्हा जागी होते आणि त्या जागेवर नवी प्रोसेस बसवते.

इनिटचं आणखी एक काम मला फार जवळचं वाटतं. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला जन्म देणारी दुसरी प्रोसेस असते. ती मध्येच संपली तर मागे राहिलेली पोरकी प्रोसेस इनिटच्या पदरात जाते. तिचा शेवट झाला की हिशेबही इनिटच मिटवते. आमच्या घरात माझे दोन मामा असे होते जे आजीच्या पोटचे नव्हते. पटकीच्या साथीत आईबाप गेलेली नात्यातली पोरं. ती पोटची नाहीत हे मला मॅट्रिकला असताना कळलं, तेही लग्नाच्या याद्या करताना.

लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या शाखेतलं यंत्र धाडकन बंद पडे. वीज आली की ते एकट्यानं उठे, दारं उघडायच्या आधी डिस्क तपासायला घेई आणि हिरव्या अक्षरांत एकेक फाइल पुढे करून विचारी, 'रिकनेक्ट?' बाहेर रांगेत पेन्शनवाले, आत मी एकेका फाइलीला 'वाय' दाबत बसलेलो. मालक न सापडलेल्या फायली 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या कप्प्यात जात. त्या वेळी मला घाई केलेली अजिबात खपत नसे. मामाचं बोलणं अंगात मुरलं होतं.

पुढचा इतिहास लवकर सांगता येतो. सिस्टीम पाच या १९८३ च्या युनिक्समध्ये इनिटच्या हाताशी एक तक्ता होता. कोणत्या पातळीला काय चालू ठेवायचं ते त्यात लिहायचं. उठवायच्या सेवांना एस आणि पुढे आकडा अशी नावं, त्या आकड्याच्या क्रमानं एकेक उठे. युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सनंही बरीच वर्षं हाच रिवाज पाळला. पण सेवा वाढल्या आणि एकाचं होईपर्यंत दुसऱ्यानं ताटकळायचं हे परवडेना. ॲपलनं इनिटच्या जागी २००५ मध्ये लाँचडी आणलं, उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीनं २००६ मध्ये अपस्टार्ट, आणि २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग व के सिव्हर्स यांचं सिस्टमडी आलं, ज्यात ज्यांना एकमेकांची वाट पाहायची गरज नाही त्या सगळ्या सेवा एकदमच उठतात. त्यावर फार कडाक्याची भांडणं झाली. २०१४ साली डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या आवृत्तीनं ते स्वीकारल्यावर पारडं झुकलं. जुन्या माणसांचा राग मला समजतो. जुना क्रम वाचून कळत होता, कुठे अडलं ते बोट ठेवून दाखवता येत होतं. तरी सिस्टमडी आल्यानं काम चांगलं झालं असंच माझं मत आहे.

निवृत्त होऊन मामा नांदुऱ्यालाच परतला. शेवटपर्यंत पहाटे उठून अंगणात पाणी शिंपडायचा. त्याच्याकडून ऐकलेलं जेवढं आठवलं तेवढं इथे उतरवलं आहे. तुमच्याही घरात कुलाब्याच्या, पवईच्या, पुण्याच्या किंवा एखाद्या बँकेच्या कम्प्युटरच्या खोलीत नोकरी केलेलं कोणी असेल. त्यांच्याजवळ बसा आणि सकाळी यंत्र कसं सुरू करायचे ते अगदी पहिल्या पायरीपासून विचारून वहीत लिहून घ्या. त्यांतली सगळ्यात जुनी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.